हॅश रन: संध्याकाळी रानवाटेने पळायचं आणि मग पब. कुणी जातं का?

शेवंती_नाशिक
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात बकिंगहॅमशरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांच्या कडेला राहते. ऑफिसातली एक मैत्रीण दर बुधवारी संध्याकाळी 'हॅश'ला जाते आणि मलाही चल म्हणून मागे लागली आहे. तिने सांगितलं ते असं: एखाद्या खेड्यातल्या पबच्या पार्किंगमध्ये सात-सव्वासातला जमायचं, तिथून शेतांतून, जंगलातून चार-पाच मैल पळायचं किंवा चालायचं, आणि फिरून त्याच पबमध्ये येऊन बसायचं. रस्ता कुणालाच माहीत नसतो. एकजण आधी जाऊन पिठाचे ठिपके टाकून येतो, ते शोधत जायचं.

मी शनिवारची पार्करन करते. पाच किलोमीटर पूर्ण करते, पण हळू. तिथे ठरलेला रस्ता असतो, वेळ मोजतात. इथे तसलं काहीच नाही. शिवाय मी दारू पीत नाही, आणि ही मंडळी स्वतःची ओळखच 'धावायची खोड लागलेला पिणाऱ्यांचा क्लब' अशी करून देतात म्हणे.

तर प्रश्न सरळ आहे. यात धावणं खरं की पब खरा? न पिणाऱ्या, हळू पळणाऱ्या बाईला तिथे काही मिळेल का, की कोपऱ्यात लिंबू-सोडा घेऊन बसावं लागेल?

रानमांजर
जा गं, बिनधास्त जा. मुलांना आणायला निघालेय, नंतर लिहिते.

निवांत_पुणेकर
वाचतोय. पिठाचे ठिपके म्हणजे नक्की काय प्रकार आहे? रांगोळी?

सरेकर_अप्पा
शेवंतीताई, मी सरेमध्ये बरीच वर्षं हॅश करतोय. तुम्ही 'हळू' म्हणालात म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण हा खेळ रचलाच आहे हळू माणसाला धरून.

वाट आखणारा तो 'हेअर', म्हणजे ससा. बाकी सगळे 'पॅक'. ससा दुपारीच, नाहीतर आदल्या दिवशी, पिठाची पिशवी घेऊन फिरून येतो. थोड्या थोड्या अंतरावर चिमूट-मूठ पीठ: झाडाच्या बुंध्याशी, कुंपणाच्या खांबाखाली, दगडावर. वाटा फुटतात तिथे पिठाचं वर्तुळ काढलेलं असतं. त्याला 'चेक' म्हणतात. तिथून पुढची खरी वाट कोणती, ते तुम्ही शोधायचं. पळणारे चारी दिशांना सुटतात. मागून कुणीतरी ओरडतं, 'आर यू?', म्हणजे वाट सापडली का? पुढचा ओरडतो, 'चेकिंग!' एक ठिपका दिसला, दुसरा दिसला, तिसराही दिसला की वाट खरी, मग 'ऑन ऑन' अशी हाळी. पण ठिपक्यांच्या पुढे आडवी रेघ किंवा फुली लागली तर ती फसवी वाट, आल्या पावली परत. खुणा क्लबागणिक थोड्या बदलतात. सुरुवातीला ससा जमिनीवर काढून दाखवतो.

आता यातलं मर्म बघा. सगळ्यात जोरात पळणारा चेकवर सगळ्यात आधी पोचतो आणि फसव्या वाटेवर पहिला तोच जातो. उतारावरून खाली जाऊन, रेघ बघून, तेवढाच चढ पुन्हा चढून येतो. तोवर मागचे लोक चालत चालत चेकपाशी आलेले असतात, खरी वाट सापडलेली असते, ते सरळ तिकडे वळतात. पहिला होता तो शेवटचा होतो. असं चार-पाच चेकवर झालं की सहा-सात मैल पळालेला आणि चार मैल चाललेली दोघं पबच्या दारात बरोबर येतात. घड्याळ नाही ते म्हणूनच. ज्याचा पॅक फुटत नाही तो चांगला ससा, असं आम्ही मानतो. मी स्वतः ससा असतो तेव्हा नकाशा घेऊन बसतो आणि आधी हेच बघतो की पुढच्यांना कुठे किती फिरवायचं.

लीथ हिलच्या उतारावर एकदा सगळे पळणारे चेकवर अडकले होते. तीन वाटा तपासून झाल्या, तिन्ही फसव्या. मागून चालत आलेल्या एका आजींनी छत्रीच्या टोकाने नेच्याची पानं बाजूला केली आणि तिथे पिठाचा ठिपका होता. त्यांनी 'ऑन ऑन' म्हटलं तेव्हा टेकडीभर विखुरलेले लोक त्यांच्यामागे आले.

पबचं उत्तर उद्या लिहितो.

निवांत_पुणेकर
अप्पा, हे भारी आहे! आमच्या ट्रेकला पुढचे लोक सुळक्यावर पोचून फोटो काढतात आणि मागचा येऊन टेकतो तेवढ्यात 'चला' म्हणून उठतात. मागच्याला विश्रांती कधी मिळतच नाही.

घाटवाट
+१. हे शेवटचं वाक्य प्रत्येक ट्रेक लीडरने वहीत लिहून ठेवावं.

माजघर
सगळं छान, पण पीठ मातीत टाकायचं हे मनाला पटत नाही. ज्या घरात ताटात शीत उरलं तर बोलणी खाल्ली त्या घरातली मी. खडू वापरा, लाकडाचा भुसा वापरा. अन्न कशाला?

रानमांजर
माजघरताई, भुसाही वापरतात. गावातल्या डांबरी रस्त्यावर खडू. पण ओल्या रानात खडू उठत नाही आणि तपकिरी पाचोळ्यात भुसा दिसत नाही. पीठ पांढरं, आणि दोन पावसांत विरघळून जातं, मागे प्लास्टिक नाही, रंग नाही. आमच्याकडे मुदत उलटलेलंच पीठ वापरतात. एक किलोच्या दोन-तीन पिशव्यांत अख्खी वाट होते.

गोंयकार_बाब
मुंग्यांना पीठ-साखर घालणं हे आपल्याकडे पुण्यच की! चिल्टर्नच्या मुंग्या जोरात असणार.

कनेटिकट_कर
पिठावरून आठवलं. २००७ सालच्या ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेत, आमच्या राज्यात न्यू हेवनला एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये हॅशवाल्यांनी पिठाच्या खुणा टाकल्या. कुणीतरी पांढरी पूड बघून पोलिसांना कळवलं. २००१मध्ये टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सच्या, म्हणजे जीवघेण्या जंतूंच्या पुडीची भीती लोकांच्या मनात ताजी होती. दुकान रिकामं केलं, विषारी पदार्थ हाताळणारं पथक आलं आणि पीठ टाकणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. तेव्हा गावात वाट आखायची असेल तर पोलिसांना आणि दुकानदारांना आधी सांगावं. रानात हा प्रश्न येत नाही.

क्लांगचा_काठ
क्वालालंपूरहून लिहितोय, म्हणजे या प्रकाराच्या माहेरून. १९३८ साली इथे सुरुवात झाली. ए. एस. गिस्पर्ट नावाचा अकाउंटंट आणि त्याचे काही मित्र यांनी इंग्लंडच्या शाळांमधला 'ससा आणि शिकारी कुत्री' हा जुना खेळ इथे आणला. तिथे मुलं कागदाचे कपटे टाकत पळायची. ही मंडळी सेलंगोर क्लबच्या इमारतीत राहायची-जेवायची. तिथलं जेवण इतकं बेचव आणि रोज तेच, की त्या जागेला 'हॅश हाउस', म्हणजे स्वस्तातली खानावळ, असं नाव पडलं होतं. तेच नाव क्लबाने घेतलं: हॅश हाउस हॅरियर्स. गिस्पर्ट फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. युद्धानंतर उरलेल्यांनी क्लब पुन्हा सुरू केला.

१९५० साली संस्थांच्या निबंधकाकडे नोंदणी करताना उद्दिष्टं लिहून द्यावी लागली, ती चार होती. सभासदांची तब्येत चांगली ठेवणे. शनिवार-रविवारची दारू उतरवणे. चांगली तहान लावून घेऊन ती बिअरने भागवणे. आणि वयस्कर सभासदांना हे पटवून देणे की त्यांना वाटतं तितके ते म्हातारे नाहीत.

शेवंतीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या चौथ्या कलमात आहे असं मला वाटतं. तिसरं कलम सगळ्यांना पाठ असतं, चौथं कुणी सांगत नाही.

इथला मूळ क्लब अजून सोमवारी संध्याकाळीच पळतो आणि अजून फक्त पुरुषांचा आहे. बायकांचे आणि मिश्र क्लब वेगळे आहेत. तेलताडाच्या आणि रबराच्या मळ्यांतून पळतात, अंधार झपकन पडतो, जळवा असतात. पब नसतो. गाडीच्या डिकीत बर्फाची पेटी.

गोंयकार_बाब
आणि आमच्या गोव्यात २००२ साली जागतिक इंटरहॅश झाली होती हेही नोंदवून ठेवा. दर दोन वर्षांनी कुठल्या तरी देशात जगभरचे हॅशवाले जमतात, १९७८मध्ये हाँगकाँगपासून ती प्रथा आहे. पावसाळ्यात मात्र आमच्याकडे पीठ टिकायचं नाही, ससा घरी पोचायच्या आत वाट वाहून जाईल.

अस्मिता_ब
मी थोडं वेगळं लिहिते, कारण इथे सगळं गोडगोड चाललंय.

मी इंग्लंडातल्याच एका शहरात एका हॅशला जात होते. पळणं अप्रतिम होतं, त्याबद्दल शंका नाही. पण पळून आल्यावर 'सर्कल' असतं. सगळे गोल उभे राहतात, कुणी वाट चुकला, कुणी नवे बूट घालून आलं, कुणी पहिल्यांदा आलं, अशी काहीबाही कारणं काढून त्याला मध्ये बोलावतात. सगळे गाणं म्हणतात आणि त्याने हातातला ग्लास एका दमात संपवायचा, उरेल ते डोक्यावर ओतायचं. याला 'डाउन-डाउन' म्हणतात. गाणी बहुतेक अश्लील. काही दिवसांनी प्रत्येकाला एक टोपणनाव देतात, तेही बऱ्याचदा तसलंच. मला जे नाव सुचवलं ते मी इथे लिहू शकत नाही. मी नको म्हटलं तर 'मनावर घेऊ नकोस' म्हणाले. पाणी चालेल का विचारलं तर हसले. त्यानंतर मी गेले नाही.

मला पबचा त्रास नाही. मी बिअर पिते. माझा आक्षेप एवढाच, की 'नको' हा शब्द ज्या गोलात चालत नाही तिथे माणूस पाहुणा असतो, मित्र नसतो. शेवंती, जायच्या आधी मैत्रिणीला हे स्पष्ट विचार.

डेक्कन_क्वीन्सलँड
हॅशची ती परंपरा आहे. जगभर तशीच आहे. ज्याला झेपत नाही त्याने पार्करन करावी.

रानमांजर
@डेक्कन_क्वीन्सलँड, परंपरा म्हणून काहीही खपत नाही हो. आमच्या हॅशमध्ये शाळकरी मुलं येतात, कुत्री येतात, गाणी म्हटलीच तर मुलांसमोर म्हणण्यासारखी. तीही हॅशच आहे.

सरेकर_अप्पा
अस्मिताताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. असे गट आहेत, मी नाकारत नाही, आणि तुमच्याशी वागले ते चूकच. आमच्याकडे डाउन-डाउनला पाणी, संत्र्याचं सरबत, काहीही चालतं आणि डोक्यावर ओतायचं तर पाणीच ओततात. नाव नको असेल तर पाळण्यातल्या नावाने हाक मारतात. पण हे सगळीकडे असं आहे अशी हमी मी देऊ शकत नाही. जगभर दीड-दोन हजार क्लब आहेत आणि त्यांच्यावर कुणी वरिष्ठ नाही, जो तो आपल्या मनाने चालतो. म्हणून अस्मिताताई म्हणतात तसं आधी विचारा.

आता पब. खेड्यातल्या पबमध्ये तुम्ही काय पिता याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण निम्म्या लोकांना गाडी चालवत घरी जायचं असतं. शून्य टक्क्यांची बिअर आता जवळपास सगळीकडे मिळते. लाइम-सोडा पाइंटच्या ग्लासात मागा, ५६८ मिली येतो, पळून आल्यावर तेवढाच लागतो. आत जाताना चिखलाचे बूट दाराशी काढायचे, मोज्यांवर बसायचं. पुढे चिप्सचे, म्हणजे बटाट्याच्या गरम तळलेल्या कापांचे, वाडगे येतात. मग कोण कुठल्या फसव्या वाटेवर किती गेलं यावर तासभर चर्चा. डॉक्टर, सुतार, निवृत्त शिक्षिका, विद्यापीठातला पोरगा, सगळे एका बाकावर. मला इंग्लंडात जे शेजारी मिळाले ते असे मिळाले. गल्लीतल्या लोकांशी वर्षानुवर्षं 'आज हवा बरी आहे'च्या पुढे गेलो नव्हतो. एकत्र चिखलातून चालून आलेली माणसं दहा मिनिटांत मोकळी होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या अर्थाने पब खरा, आणि पब खरा ठरतो तो आधीच्या धावण्यामुळे. नुसता पबमध्ये गेलो असतो तर माझ्याशी कुणी बोललं नसतं.

माजघर
चिप्स कशात तळतात ते विचारून घ्या हो. उत्तरेकडे गाईच्या चरबीत तळतात, आम्हाला यॉर्कशरमध्ये उशिरा कळलं.

पिठलंभाकरी
आणि पिपातली पारंपरिक एल (बिअरचाच एक प्रकार) पिणाऱ्या शाकाहारी मंडळींनी हेही विचारावं: तिच्यातला गाळ खाली बसवायला माशाच्या पोटातल्या पिशवीपासून काढलेला पदार्थ घालतात. हल्ली बरेच जण तो न घालता करतात, ती थोडी गढूळ दिसते.

निवांत_पुणेकर
काय सांगता! चतुर्थीला बिअर वर्ज्य आता दुहेरी कारणाने.

घाटवाट
मला एक कळत नाही. शेतांतून पळता म्हणता, शेतकरी काठी घेऊन येत नाही?

सरेकर_अप्पा
नाही, कारण वाट कायद्याची असते. इंग्लंड-वेल्समध्ये 'पब्लिक फुटपाथ' नावाच्या वाटांचं जाळं आहे. जमीन खाजगी, पण तिच्यातून जाणाऱ्या त्या वाटेवरून पायी जायचा हक्क सगळ्यांचा. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या नारिंगी वेष्टनाच्या, १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर हिरव्या तुटक रेघांनी त्या दाखवलेल्या असतात, ससा तोच नकाशा घेऊन बसतो. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याने नांगरली तरी पेरणीच्या वेळी पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, किमान एक मीटर रुंद. वाटेवरून जाण्याची एकच अट, वाट सोडायची नाही. वाट न सोडणं आणि फाटक जसं असेल तसंच ठेवणं या दोन गोष्टींत हॅशवाल्याने कधी हयगय करू नये, एकाने केली की त्या गावात पुढच्या वेळी कुणी उभं करत नाही.

२००१मध्ये गुरांना लाळ्या-खुरकूत झाला तेव्हा देशभर या वाटा बंद ठेवल्या होत्या. तेव्हा किती लोक या वाटांवर जगतात ते कळलं, खेड्यातले पबसुद्धा ओस पडले.

घाटवाट
हेवा वाटतो. आमच्याकडे गडावर जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायवाटा आहेत, पण पायथ्याला कुणी प्लॉट घेऊन कुंपण घातलं की वाट संपली. गावातल्या म्हाताऱ्याला विचारून बांधाबांधाने फिरून जायचं. त्या वाटा कुठल्या तरी नकाशावर कायद्याने उतरल्या पाहिजेत, हा खरा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

रानमांजर
घाटवाट, काढाच तो धागा.

शेवंती, तुझ्यासाठी कामाचं: लांब पँट किंवा गुडघ्यापर्यंत मोजे घाल. जून-जुलैत वाटेच्या दोन्ही बाजूंना नेटल ही खाजरी वनस्पती कमरेइतकी वाढते, अंगाला लागली की आग आग होते. घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड बघायची. चावून बसली असेल तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. पुढचे काही आठवडे तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरकडे जायचं, लाइम नावाचा आजार असू शकतो. आणि वासरांसोबत गाई असतील त्या शेतात पळायचं नाही, लांबून चालत जायचं. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर पट्टा सोडून द्यायचा, कुत्रा आपला आपण पळतो.

माजघर
गाईला भ्यायचं? इंग्लंडात जाऊन काय काय करावं लागतं!

शेवंती_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. अस्मिता, तू सांगितलंस म्हणून मैत्रिणीला आधी स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, सर्कल होतं पण पाचच मिनिटं, आणि 'नको' म्हटलं की पुढच्याला बोलावतात. मग गेले काल.

बीच झाडांच्या जंगलातून वाट होती. वर घारी, त्या लाल शेपटीच्या. पहिल्या चेकवर सगळे सुटले आणि मी धापा टाकत उभी राहिले. दुसऱ्या चेकलाही तेच. तिसऱ्यापर्यंत माझ्या लक्षात आलं की पुढचे लोक मला परत परत भेटतायत. दर वेळी समोरून घामाघूम येतात आणि 'तिकडे नाही' म्हणून हसत जातात. एक जण तर तीनदा भेटला. शेवटी एका फाटकापाशी एक काका आणि मी असे दोघेच डावीकडच्या वाटेने गेलो आणि ठिपका मला दिसला, चिखलात कुणाच्या तरी बुटाने अर्धा पुसलेला. ओरडायला आधी आवाजच फुटेना. मग ओरडले.

पबमध्ये लाइम-सोडा घेतला. कुणी विचारलंही नाही. सर्कलमध्ये 'आज नवीन कोण' म्हणून मला बोलावलं, मी पाण्याचा ग्लास उचलला, टाळ्या वाजल्या, झालं. गाणी मात्र मला आवडली नाहीत, एक तर फारच वाईट होतं. त्या वेळी आम्ही दोघी-तिघी चिप्स घ्यायला आत गेलो. अप्पांचं सगळं पटलं तरी ही एक गोष्ट मी मैत्रिणीला बोलून दाखवणार आहे.

अस्मिता_ब
छान वाटलं वाचून. बोलून दाखवच. दोघी-तिघी उठून आत गेलात म्हणजे तुला एकटीलाच ते खुपलेलं नाही. जुन्या लोकांपैकी कुणी बोललं तर पटकन फरक पडतो, तेव्हा तिला बरोबर घे.

क्लांगचा_काठ
चौथं कलम!

वाचक_रेडिंग
शेवंतीताई, मी रेडिंगला असतो. यायचं असेल तर कुठे कधी ते कसं कळतं? आणि मुलगी नऊ वर्षांची आहे, चालेल का?

शेवंती_नाशिक
प्रत्येक क्लब पुढच्या वाटांची यादी वेबसाइटवर लावतो, 'हेअरलाइन' म्हणतात. त्यात तारीख, पबचं नाव आणि पोस्टकोड असतो. एक-दोन पाउंड वर्गणी, तीही तिथेच द्यायची. मुलीचं मैत्रिणीला विचारून सांगते, गाण्यांचा मुद्दा तिच्यासाठीही आहेच.

सरेकर_अप्पा
रेडिंगकर, पबने मुलांना किती वाजेपर्यंत आत बसू द्यायचं हे ज्या त्या पबवर असतं, फोन करून विचारा. उन्हाळ्यात बाहेर बागेतच बसतात, तिथे अडचण येत नाही. जूनअखेर सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, पण ऑगस्ट संपत आला की आठला अंधारतं. तेव्हापासून कपाळावरचा दिवा आणा, मुलीसाठीही एक.